वाचक विचारतात : ऊन पाण्यातला चार दिवसांचा पाहुणा

मागच्या अंकात विहिरीच्या पाण्याबद्दल उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की गरम पाण्याच्या झऱ्यांत रेडॉन हा किरणोत्सारी वायू थोडा असतो. त्या एका वाक्यावर एवढं टपाल आलं की संपादकांनी सगळी पानं त्यालाच दिली. काही पत्रं काळजीची आहेत, काही रागाची. एका गृहस्थांनी 'देवस्थानांची बदनामी' असा शब्द वापरला आहे. ते पत्र छापत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही.

मी कोण हे नव्या वाचकांसाठी सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आजोळ आरवलीजवळचं. लहानपणी आजीचा दुखरा गुडघा आणि माझे खरजेने भरलेले पाय एकाच कुंडात असायचे. पुढे त्याच बाजूच्या गावांत रेडॉन मोजत फिरले. तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ आहे असं कोणी समजू नये.

वाचिका, डोंबिवली : दिवाळी झाली की आम्ही सगळे वज्रेश्वरीला दर्शनाला जातो आणि येताना अकलोलीच्या कुंडाशी पाय सोडून बसतो. सासूबाईंच्या संधिवाताला बरं वाटतं. यंदा अकरावीतल्या मुलाने मोबाइलवर वाचून जाहीर केलं, की हे पाणी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे, मी येणार नाही. सासूबाई म्हणतात, चिमाजी अप्पांच्या काळापासून लोक येताहेत, कोणाला काय झालं? खरं कोणाचं?

थोडं दोघांचंही. गाडीत दोघांनीही बसावं.

आधी मुलाचं बघू. पाण्यात किरणोत्सारी द्रव्य आहे का? आहे. तसं ते त्याच्या स्वतःच्या अंगातही आहे. आपण केळं खातो, बटाटा खातो, त्यातून पोटॅशियम येतं आणि त्यातला अगदी लहानसा वाटा किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यामुळे दर सेकंदाला चार हजारांच्या वर अणू फुटत असतात. म्हणून 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे का' हा प्रश्न अर्धाच झाला. आमटीत मीठ आहे का असं कोणी विचारत नाही. किती पडलंय, ते विचारतात.

आता हे पाण्यात येतं कुठून? निम्म्या पत्रांत एक गैरसमज आहे, की कुंडाखाली ज्वालामुखी धुमसतोय. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली, तो केव्हाच निवला. कुंडातलं पाणी बहुतेक पावसाचंच असतं. ते भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं, तिथे ते तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. पालघरमधल्या कोकनेर-सातिवलीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत ही कुंडं किनाऱ्याला धरून जणू एका रांगेत आहेत, साडेतीनशेएक किलोमीटर. ही रांग म्हणजे खडकातल्या भेगांची रांग. कुठे पाणी 34 अंशांचं, नुसतं कोमट, तर उन्हवऱ्याला 70 अंशांच्या घरात. नावंच बघा ना : उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, खानदेशात उनपदेव, किनवटकडे उनकेश्वर. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'ऊन पाणी' म्हणतात.

वाटेतल्या खडकात युरेनियम असतं. कुठल्याही खडकात असतं, कणाकणाने. ते फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियमचा होतो रेडॉन. कढईत लाह्या फुटताना पुढचा दाणा कुठला ते सांगता येत नाही, पण निम्मे दाणे फुटायला किती वेळ लागेल याचा अंदाज असतो. अणूंचं तसंच. या निम्म्याच्या वेळेला अर्धायुष्यकाल म्हणतात. युरेनियमची कढई निम्मी फुटायला 447 कोटी वर्षं, रेडियमची 1600 वर्षं आणि रेडॉनची 3.8 दिवस. रेडॉन वायू आहे आणि कोणाशी सोयरीक जोडत नाही. खडकातून सुटतो, पाण्याबरोबर निघतो. चार दिवसांत निम्मा उरतो, आठ दिवसांत पाव, आणि दीड महिन्याच्या आत हजारातला एक भागही उरत नाही.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. किलोमीटरभर खोल पाण्याने जो रेडॉन उचलला, तो वर पोहोचेपर्यंत बहुतेक संपलेला असतो. कुंडात भेटतो तो वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर चढलेला. म्हणजे पाणी कितीही खोलवरून येवो, रेडॉन सांगतो ते जवळच्या खडकाबद्दल. आणि वज्रेश्वरीपासून खाली जवळचा खडक म्हणजे आपला काळा कातळ, बेसाल्ट. त्यात टनाला जेमतेम ग्रॅमभर युरेनियम, ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच ग्रॅम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर स्टाइखेन नावाचे जेझुइट प्राध्यापक होते. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या झऱ्यांची किरणोत्सारिता मोजण्याचं काम त्यांनी केलं. त्यांच्या कामात लक्ष वेधून घेणारं ठिकाण कोकणातलं नव्हतं. ते होतं गोध्र्याजवळचं टुवा, म्हणजे ग्रॅनाइटचा मुलूख. हातात मीटर घेऊन कोकणातल्या कातळावर फिरताना काटा कंटाळलेला असतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

शिवाय गरम पाणी रेडॉनला धरून ठेवत नाही. सोड्याची बाटली गरम झाली की बूच काढताच सगळा वायू निघून जातो, तसं. उघड्या कुंडावर वारा असतो, तो त्याला घेऊन जातो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप) इतकी मात्रा मिळतेच. त्यातली निम्मी रेडॉनची आणि तीही मुख्यतः घरात बसून. उघड्या कुंडाशी वर्षातून एकदा तासभर पाय सोडून बसल्याने त्यात जी भर पडेल ती शोधून काढायला मुलाला चांगलाच खटाटोप करावा लागेल. करू दे त्याला.

आता सासूबाई. गुडघ्याला बरं वाटतं ते खरं आहे, ते पाण्याच्या उष्णतेने. त्याचं श्रेय रेडॉनला देऊ नका. पण 'इतकी वर्षं कोणाला काय झालं' हा युक्तिवाद मला पटत नाही. जर्मनीत श्नेबर्गच्या खाणीतले कामगार पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या विकाराने मरत होते आणि लोक त्याला नुसता 'डोंगराचा आजार' म्हणत. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे 1879 मध्ये दोन डॉक्टरांनी दाखवलं, आणि त्यामागे खाणीतला रेडॉन आहे हे कळायला त्यानंतरही काही दशकं गेली. लोक येत राहिले, जात राहिले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मोजावं लागतं.

सासूबाईंना मधुमेह असेल तर मात्र मी वेगळी काळजी करीन. तळपायाची जाणीव कमी झालेली असते, चटका कळत नाही. पाणी साठ अंशांचं असेल तर काही सेकंदांत कातडी भाजते. आधी कोपर बुडवून बघा, लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसं. आणि मुलगा आलाच तर कोमट कुंडात बुडी मारू नको म्हणावं. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत शिरतो. असं क्वचित होतं, पण झालं तर फार वाईट. मोबाइलवर शोधायचंच असेल तर त्याने हे शोधावं.

वाचक, संगमेश्वर तालुका : आमच्या जागेत गरम पाण्याचा झरा आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. बायकांची सोय म्हणून टाइल्स लावलेली सहा बंद न्हाणीघरं बांधायचा विचार आहे. पाणी पंपाने थेट नळाला. वाफ कोंडली की 'स्टीम बाथ'ही होईल, असं कंत्राटदार म्हणतो. काही धोका?

डोंबिवलीच्या ताईंना मी निर्धास्त केलं, तुम्हाला करणार नाही.

रेडॉन स्वतः आत जातो तसा बाहेर येतो. त्रास त्याच्या पोरांचा. रेडॉन फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे एकामागून एक धातूचे अणू तयार होतात. काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात त्यातला एकेक पुढे फुटत जातो. हे धुळीला आणि वाफेच्या थेंबांना चिकटतात, श्वासातून आत जाऊन फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदाने अडतो, आपल्या त्वचेच्या मेलेल्या थराने अडतो. फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला असं काही कवच नसतं.

आता तुमचा बेत बघा. झऱ्यातून निघाल्या निघाल्या पाणी थेट नळाला, म्हणजे वाटेत रेडॉन उडून जायला जागाच नाही. ते गरम, त्यात फवाऱ्यातून बारीक होऊन पडणार, म्हणजे सगळा वायू खोलीतच सुटणार. आणि खोली बंद, वाफ कोंडलेली. रेडॉन साठवायचं यंत्र बनवा असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी साधारण असंच काही बांधलं असतं.

साध्या घरात, रोजच्या वापराच्या पाण्यासाठी, एक ठोकताळा आहे : पाण्यात जितका रेडॉन त्याच्या दहा हजारांश हवेत वाढतो. लिटरला 100 बेकरेल, म्हणजे सेकंदाला 100 अणू फुटतात, असं पाणी वापरलं तर घरातल्या हवेत घनमीटरला 10 बेकरेलची भर. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या हवेसाठी 100 ची पातळी धरा म्हणते आणि ते जमलंच नाही तर कुठल्याही परिस्थितीत 300 च्या वर जाऊ देऊ नका म्हणते. पण हा ठोकताळा बादलीभर आंघोळीच्या, हवेशीर घराचा आहे. दिवसभर गरम पाणी सोडणाऱ्या कोंदट खोल्यांना तो लागू होत नाही, तिथे हवा मोजावीच लागेल.

पाहुणा दोन दिवसांत परत जातो, त्याचं फारसं काही नाही. मला काळजी त्या बाईची वाटते जिला तुम्ही न्हाणीघरं धुवायला आणि टॉवेल द्यायला ठेवणार आहात. ती वर्षभर, रोज आठ-दहा तास तिथे असेल.

उपाय महाग नाहीत. झऱ्याचं पाणी आधी उघड्या टाकीत, उंचावरून, पसरट धारेने पडू द्या. आमच्या आजोळी पाटाचं पाणी पन्हळीतून खाली पडायचं तसं. रेडॉनचा मोठा भाग तिथेच जाईल, पाणीही अंग सोसेल इतकं निवेल. भिंतींना खाली आणि वर दोन्हीकडे झरोके ठेवा, कायमचे उघडे, काच नसलेले. स्टीम बाथचा नाद सोडा. बांधून झाल्यावर हवा मोजून घ्या. कंत्राटदाराला माझं नाव सांगायची गरज नाही.

विद्यार्थी, एमएस्सी, नांदेड : मॅडम, उनकेश्वरच्या कुंडावर प्रकल्प करायचा आहे. कॉलेजात महागडी उपकरणं नाहीत. काय मोजू आणि कसं?

जागा चांगली निवडलीस. किनवटकडे दख्खनच्या बेसाल्टची कड येते आणि त्याखालचे जुने खडक दिसू लागतात. कोकणातल्या कुंडांशी तुलना करायला याहून बरी जागा महाराष्ट्रात कमी सापडेल.

उपकरणाशिवायही बरंच होतं. मी जन्मभर एलआर-115 फिल्मवर काम केलं. सेल्युलोज नायट्रेटची लालसर पट्टी असते, फोटोच्या निगेटिव्हसारखी. अल्फा कण आरपार गेला की तिच्यात न दिसणारी जखम होते. प्लास्टिकच्या कपाच्या तळाशी आतून तुकडा चिकटवायचा, तोंडाला गाळणकागद बांधायचा म्हणजे धूळ बाहेर आणि वायू आत. तीन महिने टांगून ठेवायचा. मग कॉस्टिक सोड्याच्या 2.5 नॉर्मल द्रावणात 60 अंशांवर दीड तास. जखमेच्या जागी भोक पडतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. डोळे दुखतात. पहिल्या दिवशी दोन जणांनी मोजलेला एकच तुकडा दोन वेगळे आकडे देतो, त्याने खचू नकोस.

सगळ्यात कठीण भाग रसायनाचा नाही, कप तीन महिने जागेवर राहण्याचा आहे. एका घरी मी मोठ्या उत्साहाने गेले तर आजीबाईंनी कप उतरवून, लख्ख धुऊन मांडणीवर पालथा घातलेला. "बाय, एवढा चांगला कप, त्यात कायतरी घाण चिकटली होती, ती मी नखाने काढली." ती घाण म्हणजे माझी तीन महिन्यांची फिल्म. त्यानंतर कप लावताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी समजावायला शिकले. तूही तेच कर. जे कप जागेवर राहिले, त्यांत एक गोष्ट नेहमी दिसायची : कौलारू, वारा खेळणाऱ्या ओटीपेक्षा खिडकी नसलेल्या, शेणाने सारवलेल्या माजघरातल्या फिल्मवर भोकं जास्त. त्यात कुंडाचा संबंध नसतो. तो वायू जमिनीतून येतो आणि कोंडून राहतो. तू कुंडाजवळच्या घरांबरोबर लांबच्या गावातलीही घरं घे, नाहीतर माजघराचा दोष कुंडाच्या माथी मारशील.

पाण्याचा नमुना घेताना बाटली पाण्याखाली बुडवून भर, झाकण पाण्याखालीच लाव, आत बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा म्हणजे रेडॉनला पळायला खोली. आणि वेळ लिहून ठेव, तास-मिनिटासकट. घड्याळ विसरलं की नमुना वाया.

आता तू न विचारलेलं. कुंडाभोवतीचा दगड आणि गाळही बघ. रेडॉन उडून जातो पण रेडियम उडत नाही, ते जिथे क्षार साचतात तिथे बसतं. इराणमध्ये कास्पियन समुद्रकाठी रामसर म्हणून गाव आहे. तिथले गरम झरे खोलवरच्या खडकातून रेडियम आणतात आणि चुनखडीसारखा दगड साचवतात. लोकांनी तो दगड घरं बांधायला वापरला. काही घरांत वर्षाची मात्रा 260 मिलिसिव्हर्टपर्यंत जाते असं मोजलं गेलंय. म्हणजे पाणी वाहून गेलं, दगड मात्र भिंतीत राहिला. उनकेश्वरला असं असेल असं मला म्हणायचं नाही. पण पांढरट थर दिसला तर एक खडा खिशात घाल आणि गॅमा स्पेक्ट्रोमीटर असलेल्या विद्यापीठात पाठव. पुजाऱ्यांना विचारून.

वाचक, कोल्हापूर : गेल्या मे महिन्यात हिमाचलातल्या मणिकरणला गेलो होतो. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये त्या कुंडातच शिजवलेला भात खाल्ला. आता तुमचं वाचून पोटात गोळा आला.

तो गोळा भाताचा नाही.

मणिकरण साधारण पावणेदोन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. कुंडाचं पाणी जवळजवळ तेवढंच गरम, म्हणून भात शिजतो. त्या पार्वती खोऱ्यात युरेनियमची खनिजं सापडलेली आहेत हे खरं, आणि तिथल्या पाण्यातल्या रेडॉनचा अभ्यास शास्त्रज्ञांनी मुद्दाम केला आहे. पण उकळत्या पाण्यात रेडॉन टिकत नाही, ताटात येईपर्यंत तो हिमाचलच्या हवेत गेलेला असतो. शिवाय बरेचदा भांड्यात वेगळं पाणी आणि तांदूळ घालून ते भांडं कुंडात सोडतात, म्हणजे कुंडाचं पाणी नुसता विस्तव. रोज बारा महिने असंच कुठल्या झऱ्याचं पाणी पीत असाल तर युरेनियम, रेडियम, फ्लोराइड तपासून घ्या म्हणेन. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात युरेनियमची मर्यादा लिटरला 0.03 मिलिग्रॅम आहे, फ्लोराइडची 1 ते दीड मिलिग्रॅम. एका लंगरच्या भातासाठी तपासणी नको. आठवण चांगली असेल तर पुन्हा जा.

आठवीतली वाचिका, सांगली : आमचे सर म्हणाले की बंगालमध्ये गरम पाण्याच्या कुंडातून फुग्यातला वायू येतो. खरंच?

सर बरोबर आहेत. बीरभूम जिल्ह्यात बक्रेश्वर आहे, तिथल्या बुडबुड्यांत एक टक्क्याहून जास्त हेलियम असतो. सत्येंद्रनाथ बोस आणि श्यामादास चॅटर्जी यांनी तिकडे लक्ष वेधलं. आता गंमत ऐक. वर मी अल्फा कण म्हटलं ना? तो अल्फा कण म्हणजेच हेलियमचा गाभा. खडकात फिरणारे दोन इलेक्ट्रॉन त्याने धरले की झाला हेलियमचा अणू. जत्रेतला फुगा ज्याने वर जातो तो वायू कधीतरी कुठल्यातरी खडकात युरेनियम किंवा थोरियम फुटून तयार झालेला असतो. आणि हेलियम रेडॉनसारखा चार दिवसांत निम्मा होत नाही, तो फुटतच नाही. म्हणून रेडॉन सांगतो काल-परवाची गोष्ट आणि हेलियम लाखो वर्षांची. सरांना विचार, हेलियम पृथ्वीवर आधी सापडला की सूर्यावर. उत्तर ऐकून मला पत्र लिही.

वाचक, पुणे : मुलगी ऑस्ट्रियात असते. माझ्या पाठीच्या दुखण्यासाठी ती गास्टाइनच्या रेडॉनच्या बोगद्यात उपचार घ्या म्हणते. तिकडे डॉक्टर लिहून देतात, आणि तुम्ही इकडे न्हाणीघरालाही नको म्हणता!

विसंगती दिसते खरी. गास्टाइनचा बोगदा 1940 च्या दशकात सोनं शोधायला खणला होता. सोनं जेमतेम, उष्णता मात्र भरपूर, आणि खाणकामगार म्हणू लागले की आमचे सांधे दुखायचे थांबले. आज तिथे 37 ते 41 अंशांच्या दमट हवेत रुग्णांना झोपवतात. हवेत घनमीटरला 44 हजार बेकरेल रेडॉन. वर सांगितलेल्या 100 शी ताडून बघा. मणक्याच्या काही विकारांत वेदना काही महिने कमी राहतात असं काही चाचण्यांत दिसलंय. त्यात उष्णता किती, विश्रांती किती, व्यायाम किती आणि रेडॉन किती, हे सोडवणं अवघड आहे. पण तिथे डॉक्टर वेळ मोजून आत सोडतो आणि मोजक्या बैठकांनंतर घरी पाठवतो. संगमेश्वरच्या न्हाणीघरात मोजायला कोणी नसणार. माझा फरक तेवढाच.

बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, याखिमोव्हलाही 1906 पासून रेडॉनचं स्नानगृह आहे. मारी क्युरींनी रेडियम काढलं ते याच गावच्या खनिजातून. त्या गावाचं जर्मन नाव योआखिम्सथाल, तिथल्या चांदीच्या नाण्याला थालर म्हणत आणि त्यातूनच 'डॉलर' आला. विषयांतर झालं. पण ही सगळी हौस कुठे जाऊ शकते तेही सांगते. अमेरिकेत 1920 च्या दशकात रेडियम घातलेलं पाणी 'रेडिथॉर' नावाने बाटलीत विकत. एबेन बायर्स नावाच्या श्रीमंत उद्योजकाने ते टॉनिक म्हणून काही वर्षं प्यायलं. रेडियम शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, ते हाडांत जाऊन बसतं. त्याचा जबडा गळाला आणि 1932 मध्ये तो गेला. रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो. रेडियम हाडात गेलं की 1600 वर्षांचं भाडेपत्र घेऊन जातं.

तुमच्या जागी मी असते तर आधी इथल्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलं असतं. मुलीकडे मात्र नक्की जाऊन या.

वाचक, पाटण : भूकंपाआधी झऱ्यांतला रेडॉन वाढतो असं ऐकलं. मग कोयनेत मोजत का बसत नाहीत?

वाढल्याच्या नोंदी आहेत. 1966 च्या ताश्कंदच्या भूकंपाआधी खोल विहिरीच्या पाण्यात आणि 1995 च्या कोबेच्या भूकंपाआधी भूजलात वाढ नोंदली गेली. खडकावर ताण आला की नव्या बारीक भेगा पडतात, वायू सुटतो, कल्पना पटण्यासारखी आहे. अडचण अशी, की रेडॉन पावसाने बदलतो, हवेच्या दाबाने बदलतो, आणि बरेचदा वाढतो नि काहीच होत नाही. उद्या रेडॉन वाढला म्हणून पाटण रिकामं करा, असं सांगायची हिंमत कोणातच नाही, माझ्यात तर नाहीच. 1967 साली डिसेंबरातल्या त्या पहाटे आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातही अंथरुणातून उठून अंगणात आलो होतो. घर नीट बांधा, एवढं रेडॉनशिवायही सांगता येतं.

निवृत्त शिक्षक, ठाणे : आपण मागच्या अंकात रेडियमचा अर्धायुष्यकाल 1600 वर्षे दिला. माझ्या पुस्तकात 1622 आहे. चूक कोणाची?

कोणाचीच नाही, सर. माझ्याही कॉलेजच्या पुस्तकात 1622 च होता. पुढे मोजणी सुधारली आणि आकडा 1600 झाला. पुस्तक टाकू नका.

पुढच्या अंकासाठी पत्रं महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पाठवा. पाण्याच्या बाटल्या मात्र पाठवू नका. या खेपेला तीन आल्या, त्यातली एक पोस्टातच फुटली, उरलेल्या दोन्हींत बोटभर हवा होती आणि कुंडावरून माझ्यापर्यंत यायला त्यांना आठ दिवस लागले. त्यात रेडॉन किती उरला असेल, हे आता तुम्हीच मला कळवा.